बरं वाटेल, एवढंच

ताईच्या अंगठ्याची त्या हॉटेलात ख्याती होती. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसांच्या खांद्याच्या फऱ्याआड एक गाठ बसते. ताईचा उजवा अंगठा न विचारता बरोबर तिथे जाऊन टेकायचा, आणि मग गिऱ्हाईक केवढंही मोठं असो, त्याच्या तोंडून लहान पोरासारखा हुंकार निघायचा. बावीस वर्षं ती तिथल्या स्पामध्ये होती. धाकट्या बहिणीला तिनेच या कामाला लावलं. धाकटीला घरात चिमणी म्हणत. आता चाळिशी उलटून ती अंगाने चांगली भरली होती, दोन जिने चढली की धापा टाकायची, तरी ताईच्या लेखी ती चिमणीच. आई लवकर गेली तेव्हा चिमणीच्या वेण्या ताईने घातल्या, शाळेच्या वह्यांना कव्हरं ताईने घातली, आणि लग्न मोडून चिमणी परत आली तेव्हा काहीही न विचारता स्वतःच्या शेजारची खोली तिला बघून दिली तीही ताईनेच.

नव्या मुली कामावर आल्या की पहिला आठवडा ताईच्या हवाली. तेल कितपत कोमट हवं, शेकायचे काळे दगड गरम पाण्यातून काढले की आधी स्वतःच्या मनगटावर कसे लावून बघायचे, हे सगळं ती शिकवायचीच, पण त्याआधी एक पाठ ठरलेला असायचा.

"स्पा म्हणजे एकच दुकान नव्हे," ती म्हणायची. "आपला हा हॉटेलातला. इथे माणूस थकून येतो, तासभर कुणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणून येतो. बाजारपेठेत पार्लरच्या वरचा असतो तो निराळा. तिथे जेवणाच्या सुट्टीत यायचं, पाय चोळून घ्यायचे, तोंडाला लेप लावायचा आणि परत पळायचं. डॉक्टर बसतो तो आणखी वेगळा, तिथे सुया आणि मशिनं. मग तो डोंगरातला, जिथे आठवडाभर उपाशी ठेवतात आणि त्यालाच विश्रांती म्हणतात. आणि गरम झऱ्यांवरचा, तो या सगळ्यांचा आजोबा. कुठेही नोकरी करा, माणूस टेबलावर आडवा व्हायच्या आधी त्याचा फॉर्म मोठ्याने वाचा. रक्तदाब, हृदय, पोटात मूल, नसांचं काही. समोर कोण झोपलंय ते दगडाला कळत नाही, वाफेला कळत नाही. तुम्हाला कळलं पाहिजे. आणि 'बरं वाटेल' म्हणा. 'बरं होईल' म्हणू नका. आपल्या हातात तेवढंच आहे."

मुली हसायच्या. चिमणी टॉवेलांच्या घड्या घालत दाराशी उभी असायची. तिला हा पाठ तोंडपाठ होता.

एक निवृत्त न्यायाधीशबाई दर गुरुवारी ताईकडेच यायच्या. जिभेच्या फटकळ, पण माणूस चांगलं. एका गुरुवारी टेबलावर पालथ्या पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "आज उजवा हात कुठे ठेवून आलात?"

ताई हसली. पण उरलेला अर्धा तास तिने कोपराने भागवला.

त्या दुपारी टॉवेलांच्या खोलीत चिमणीने ताईचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल उंचवटा पार खपाटीला गेला होता. डाव्या हातावर तो होता, उजव्यावर नव्हता.

"कधीपासून?"

"अगं, अंगठे जातातच आपल्या धंद्यात. शिंप्याचे डोळे जातात, आपले अंगठे. तुझ्या भावजींना विचार."

भावजी म्हणजे ताईचा नवरा. घरातच पुढच्या खोलीत मशिन टाकून शिवणकाम करणारा अबोल माणूस. त्यांना विचारायचं म्हणजे भिंतीला विचारण्यासारखंच.

मग चिमणीने चंगच बांधला. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असे. त्या वेळात ती ताईला एकेका खोलीत नेऊ लागली. आधी मेणाच्या भांड्यात हात बुडवणं. वितळलेल्या मेणाचा पांढरा हातमोजा चढायचा, निघताना सालीसारखा निघायचा, आणि आतली त्वचा बाळासारखी मऊ. अंगठा होता तसाच. मग गरम दगड. मग काळ्या चिखलाचा लेप लावून वर घोंगडी. मग मिठाच्या पाण्याची ती बंद टाकी, जिच्यात माणूस लाकडाच्या ढलपीसारखा वर तरंगतो. ताई तिथून ओल्या केसांनी बाहेर आली आणि बाकावर बसून राहिली.

"आत मला हाताचं वजनच कळलं नाही," ती म्हणाली. "बाहेर आल्यावर कळलं."

दीड महिना असा गेला. एकदा चिमणी तिच्या दंडाला तेल लावत होती आणि तिचा हात थबकला. कातडीखाली काहीतरी उडत होतं. ताई निवांत पडलेली, पण मांस आपलं आपण थरथरत होतं, मुंग्यांची रांग चालावी तसं. चिमणीने इतक्या वर्षांत शेकडो दंड चोळले होते, हे कधी हाताला लागलं नव्हतं.

"मला दिसतंय ते," ताई छताकडे बघत म्हणाली. "दोन आठवडे झाले. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

नसांच्या डॉक्टरीणबाईंनी हातापायांत सुया घालून तपासणी केली. पडद्यावर रेघा उमटल्या. मग त्यांनी दोघींना आणि भावजींना समोर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. एक गोळी आहे, तिने थोडा वेळ मिळतो. दोन वर्षं, कदाचित तीन.

"मालिश केली तर?" चिमणीने विचारलं.

"जरूर करा. स्पर्शाची नस वेगळी असते, ती शाबूत राहते. त्यांना सगळं कळेल, शेवटपर्यंत. पण फार गरम पाणी, वाफ, हे टाळा. पायांत जोर राहणार नाही, चक्कर येईल, आणि पाणी छातीत गेलं तर खोकून काढायची ताकद नसेल."

बाहेर आल्यावर भावजी फुटपाथवर तसेच उभे राहिले. ताईनेच त्यांच्या बाहीला धरून त्यांना रस्ता ओलांडवला. त्या संध्याकाळी त्यांनी ताईचे सगळे ब्लाउज मशिनजवळ नेले, बटणं उसवली आणि त्या जागी चिकटपट्ट्या शिवायला बसले. एका हाताने उघडता याव्यात म्हणून. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

ताईने नोकरी सोडली. हॉटेलने निरोपाचा कार्यक्रम केला, न्यायाधीशबाई पहिल्यांदाच काही टोचून न बोलता घरी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ताईने मान्य केलं होतं. भावजींनी मान्य केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. चिमणीने मात्र केलं नाही. टेबलावर आलेला प्रत्येक आखडलेला माणूस सैल होऊन उठतो हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं, आणि जी बाई सगळ्यांना सैल करायची तिचंच काही होऊ नये हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आधी ती ताईला डॉक्टरी स्पामध्ये घेऊन गेली. तिथे पांढरा डगला घातलेला एक देखणा माणूस सलाइनच्या रंगीत बाटल्यांसमोर बसला होता. तो पुष्कळ बोलला. पेशी, ऊर्जा, आतली सफाई.

ताईने सगळं ऐकून घेतलं. तेव्हा तिचे शब्द थोडे जड येऊ लागले होते. ती सावकाश म्हणाली, "यातून वाळलेली नस परत ओली होते का?"

"शरीर स्वतःला दुरुस्त करतं, मावशी. आपण फक्त मदत करायची."

"मी पण गिऱ्हाइकांशी असंच गोड बोलायचे," ताई उठत म्हणाली. "पण मी डगला घालत नव्हते."

जिन्यात दोघी इतक्या हसल्या की ताईला कठड्याला टेकावं लागलं. घरी येईपर्यंत चिमणीचं हसू विरलं होतं.

मग कुणाच्या तरी मामीचा हात गरम झऱ्याच्या पाण्याने सुटला असं तिच्या कानावर आलं. बसने चार तासांचा रस्ता. ताईच्या हातात तेव्हा काठी आली होती. डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं ते चिमणीला पक्कं आठवत होतं. पण त्या साध्या गरम पाण्याबद्दल बोलल्या असतील, त्यांना झऱ्याच्या पाण्यातलं काय ठाऊक, असं तिने मनाला समजावलं. मनाला काय, समजवलं की समजतं.

"एकदाच," ती ताईला म्हणाली. "नंतर कुठे नेणार नाही."

"येते. तुला बरं वाटेल म्हणून येते."

झऱ्यावरची इमारत जुनी होती. निळ्या फरशा, तळाशी झिजलेल्या पायऱ्या, हवेत गंधकाचा कुजकट वास. प्रत्येक कुंडावर पाण्याच्या उष्णतेचा आकडा पाटीवर खडूने लिहिलेला. पांढऱ्या पंचांत गुंडाळलेली म्हातारी माणसं भिंतीला धरून हळूहळू चालत होती. बायकांच्या कुंडावर साठीची एक सेविका होती, रबरी चपला, पाण्यात राहून सुरकुतलेले हात. सगळे तिला कुंडवाली म्हणत.

दाराशी फॉर्म भरायचा होता. चिमणीच्या पुढची बाई फॉर्म देऊन उभी होती. कुंडवालीने तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाली, "नसांचा त्रास लिहिलाय तुम्ही. डॉक्टरची चिठ्ठी आणा, त्याशिवाय मी पाण्यात उतरू द्यायची नाही." बाई कुरकुरत परत गेली.

ताई कपडे बदलायच्या खोलीत बसली होती. तिला पेन धरता येत नसे, म्हणून लिहायचं काम चिमणीकडेच. 'नसांचा किंवा स्नायूंचा आजार आहे काय?' या प्रश्नापाशी ती थांबली. पाठीमागे रांग होती. तिने 'नाही' वर खूण केली आणि खाली तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, सांधेदुखी.

कुंडवालीने वाचलं. "सांधे होय. मग पंधरा मिनिटं बसू दे. उठताना मी हात देईन. तुम्ही काचेपलीकडे थांबा, इथे कपड्यांत कुणाला थांबू देत नाहीत."

काचेतून चिमणीला सगळं दिसत होतं. कुंडवालीने ताईला काखेत धरून पायरी पायरीने उतरवलं, पाण्यातल्या बाकावर बसवलं. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि ताईचा चेहरा उलगडला. कित्येक महिन्यांत असा दिसला नव्हता. तिने मान वळवून चिमणीकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, लहानपणी चोरून काही खाल्लं की उडवायची तशा. चिमणीला वाटलं, बघ, उगाच घाबरत होतीस.

पलीकडच्या टोकाला एका लठ्ठ म्हातारीला वर यायचं होतं. कुंडवाली तिला हात द्यायला गेली. तेवढ्यात ताई बाकावरून घसरली. आवाज झाला नाही, हातपाय आपटले नाहीत. हातापायांना तेवढं बळच नव्हतं. डोकं खाली गेलं आणि पाणी परत सपाट झालं.

चिमणी दोन्ही मुठींनी काच बडवू लागली. कुंडवालीने वळून पाहिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली.

जिल्ह्याच्या इस्पितळात अकरा दिवस काढावे लागले. पाणी छातीत गेलं होतं, त्याचा ताप झाला. कदाचित वर्षभराने गेला असता तो आवाज त्या अकरा दिवसांत गेला. पायही गेले. भावजी रोज बसने यायचे, डबा ठेवायचे, खिडकीशी बसायचे. चिमणीला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

नवव्या दिवशी ताईने डोळ्यांनी तिला जवळ बोलावलं. चिमणीने कान तोंडाशी नेला.

"फॉर्म. काय लिहिलंस?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "सांधेदुखी," चिमणी म्हणाली.

ताईने डोळे मिटले. पुष्कळ वेळ मिटूनच ठेवले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरलं, ते पुसायला तिला हात नव्हता, आणि चिमणीची पुसायची हिंमत होईना. मग ताईचे ओठ हलले.

"त्या बाईवर येईल. जाऊन सांग."

चिमणी जाते म्हणाली, पण गेली नाही. ताईला घरी आणायचं होतं, पलंग खाली घ्यायचा होता, घराजवळच्या इस्पितळाच्या भांडारातून चाकांची खुर्ची आणायची होती, हॉटेलात रजा वाढवून घ्यायची होती. कारणांना काय तोटा. तीन आठवड्यांनी एकदाची ती त्या बसमध्ये बसली.

झऱ्यावरचा व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने चौकशीची फाइल काढली. तिचाच फॉर्म वर टाचलेला होता.

"हा मी भरला," चिमणी म्हणाली. "आजार मला माहीत होता. मी मुद्दाम लपवला. तुमच्या बाईंची काही चूक नाही. मी स्वतः याच कामात आहे, मला कळत होतं मी काय करतेय."

त्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "हे लेखी द्या."

तिने लिहून दिलं, खाली सही केली. त्याने तो कागद टाचला आणि फाइल बंद केली.

"पण आता उपयोग नाही. त्यांना कमी करून पंधरवडा झाला. पेशंटला एकटं सोडलं असा ठपका होता. एकोणीस वर्षं होत्या इथे."

"परत बोलवा ना त्यांना."

"जागा भरली, बाई."

इमारतीमागे कामगारांच्या खोल्या होत्या. कुंडवालीच्या खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. शेजारीण बादलीत कपडे पिळत होती. म्हणाली, दोन पिशव्या घेऊन बसमध्ये बसली, भाचीकडे जाते म्हणाली, भाची कुठे असते ते नाही सांगितलं. मग तिने हात थांबवून विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"गिऱ्हाईक," चिमणी म्हणाली.

घरी आली तेव्हा ताई खिडकीशी खुर्चीत होती. तिची नजर दारापासून चिमणीच्या मागे मागे आली. चिमणीने पाणी प्यायलं, पाय धुतले, पिशवी खुंटीला लावली. नजर हलेना.

"सांगितलं सगळं," ती शेवटी म्हणाली. "लिहूनही दिलं. घेतलंय त्यांना परत."

ताई तिच्याकडे बघत राहिली. तिने ते खरं मानलं की बहिणीची आणखी एक थाप म्हणून सोडून दिलं, हे चिमणीला कधीच कळलं नाही. विचारायची सोय होती, डोळ्यांची उघडझाप करून ताई हो-नाही सांगायची. चिमणीने विचारलं नाही.

पुढचे सात महिने चिमणीने हॉटेलात दुपारची पाळी मागून घेतली. सकाळचा तास ताईचा. कोमट तेल, आधी पावलं, मग पोटऱ्या, मग हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, स्पर्श शाबूत होता. चादरीची सुरकुती टोचायची, नाकावर माशी बसली की डोळ्यांत पाणी यायचं. पोटरी दाबली की ताईचा श्वास लांब व्हायचा, म्हणजे बरं वाटत होतं. पण चिमणीच्या हाताला दर आठवड्याला तिथे कमी सापडायचं. आधी मांस होतं तिथे दोरी, मग दोरीच्या जागी नुसतं हाड. तिला या कामात जे जे येत होतं ते सगळं ती करायची, आणि हाताखालून बहीण निघून चालली होती. भावजी मशिनवर बसून पाठीशी उघडणारे गाऊन शिवायचे. प्रत्येक खेपेला आधीच्यापेक्षा लहान माप.

ताई एका सकाळी त्याच तासात गेली. चिमणी डाव्या पावलापाशी होती. श्वास लांब झाला, तिला वाटलं, आज छान वाटतंय हिला. मग पुढचा आलाच नाही. तिने उजवं पाऊलही पुरं केलं, टाचेपासून बोटांपर्यंत, मग भावजींना हाक मारली. त्यांनी मशिनचं चाक हाताने थांबवलं.

पंधरा दिवसांनी भावजी आपल्या भावाकडे राहायला गेले. मशिन त्यांनी इथेच ठेवलं. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "तू तिला नेलं नसतंस तरी हेच होतं." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "पण आवाज राहिला असता, थोडा." आणि गेले.

मशिनशिवाय खोलीत चाकांची खुर्ची तेवढी उरली होती. ती इस्पितळाची, परत द्यायला हवी होती. चिमणीने ती रिकामी ढकलत नेली. उतारावर खुर्ची हातातून पुढे पळू बघायची, तेव्हा ती दोन्ही टाचा रोवून तिला धरायची. भांडाराच्या खिडकीत कारकुनाने क्रमांक ताडून पाहिला, चाकं फिरवून बघितली, नोंदवहीत सही घेतली. बाजूच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर कुणाची तरी औषधं. कारकून तिला म्हणाला, "घ्या, आली खुर्ची."

त्या बाईने खुर्ची ओढून घेतली, पण पाय ठेवायची पट्टी तिला खाली पाडता येईना. तिने दोनदा जोर लावला.

"तशी नाही," चिमणी म्हणाली. "आधी बाहेर ओढा, मग वळवा. आणि डावा ब्रेक नीट लागत नाही, उतारावर भरवसा ठेवू नका." तिने खाली बसून पट्टी ओढून, वळवून दाखवली. मग परत उचलून ठेवली, आणि त्या बाईला स्वतःच्या हाताने एकदा करून बघायला लावलं.